अबोलीचं दूध आणि रेड्याच्या मोटरी

दुधाच्या पिशवीवर रेघा दिसल्या आणि मी फ्रीझरचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिले.

"दार लाव गं, गारवा सगळा बाहेर चाललाय," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

मी दार लावलं, पण पिशवी हातातच ठेवली. अबोली सहा महिन्यांची. माझी रजा संपत आली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. गेले कित्येक दिवस मी पंपाने दूध काढून छोट्या पिशव्यांत भरत होते. पिशवी ताटलीवर आडवी ठेवायची, म्हणजे दूध धपाट्यासारखं सपाट गोठतं. गोठलं की त्या पिशव्या पुस्तकांसारख्या एकीला एक लावून उभ्या करायच्या. मी कंपनीत असताना अबोलीचं पोट या पिशव्यांवर भरणार होतं. बाटलीतलं माझं दूध ती घेत होती. पावडरचं दूध मात्र दोनदा देऊन बघितलं, दोन्ही वेळा तिने उलटून टाकलं. म्हणजे फ्रीझरमध्ये होतं तेवढंच.

सपाट गोठलेली पिशवी सपाटच राहते. हिच्यावर आडव्या-उभ्या रेघा होत्या, चौकटी-चौकटी पडल्यासारख्या, आणि खालचा कोपरा फुगलेला. दूध मधे कधीतरी वितळलं होतं, खाली उतरलं होतं आणि कशाला तरी टेकून पुन्हा गोठलं होतं.

मी चाकणला गाड्यांच्या दिव्यांचे भाग येतात त्या कंपनीत क्वालिटीला आहे. आलेला माल तपासते. काचेवरचा ओरखडा साच्यातून आलाय, पॅकिंगमधून आलाय की कुणाच्या नखातून, हे बघून सांगणं हेच माझं काम. त्यामुळे माझा नवरा सलिल जेव्हा म्हणाला, "पिशवी वाकडी झाली, एवढंच ना?" तेव्हा मला त्याचा राग आला.

"वितळल्याशिवाय वाकडी होत नाही."

"लाइट गेली असेल."

मोशीत लाइट जाते ती गुरुवारी. मी खाली जाऊन वॉचमनला, ज्ञानदेवला, विचारून आले. तो म्हणाला, "गेल्या गुरुवारी न्हाई गेली मॅडम. गेली असती तर लिफ्टवरनं मला चार शिव्या बसल्या असत्या, कशी विसरंन?"

लाइट गेली नव्हती. म्हणजे घरातल्याच कुणीतरी केलं होतं.

घरात दिवसभर असायच्या सासूबाई आणि गवराबाई. माझा दीर आदिनाथ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो दिवसभर कॉलेजात, नाहीतर खाली पार्किंगमध्ये पोरं जमवून रोबोला स्क्रू पिळत बसलेला. जेवायला वर आला की हात न धुता ताटावर बसायचा. त्याचा मी विचारसुद्धा केला नाही.

गवराबाई कुरुळीची. शेजारच्या जयमालाकाकूंच्या ओळखीने अबोलीला सांभाळायला आलेली. सोमवारनंतर ती आणि अबोली, आणि सासूबाई असल्या तर असल्या. त्याची सवय व्हावी म्हणून मी दुपारी मुद्दाम घराबाहेर पडायचे. स्पाइन रोडच्या बागेत जाऊन बसायचे, फोनकडे बघत, आणि ठरवलं असायचं त्याच्या आधीच परत यायचे. एकदा आले तर गवराबाई अबोलीला मांडीवर घेऊन फोनवर बोलत होती. "उतरंना का अजून? शेपू दे, आळीव दे. रडू देऊ नगं पोरीला." मला बघून तिने फोन ठेवला.

"काय झालं?"

"काय न्हाई ताई. माझ्या लेकाची, बिरूची बायको बाळंतीण हाय न्हवं. दूध उतरंना."

तेव्हा मी अरेरे म्हणाले. पिशवी हातात घेतल्यावर ते बोलणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. सरळ नाही विचारलं. भांडी पुसत होते, तिच्याकडे पाठ होती.

"गवराबाई, वरच्या खान्यातलं दूध काढलं होतं का कधी?"

"वरचं? न्हाई बा. तुमी खालच्या खान्यात बाटली ठिवली व्हती, तीच पाजली."

"दुधाच्या पिशव्यांना हात लावला होता?"

"तुमच्या दुधाला मी कशापायी हात लावू?"

मी वळून बघितलं. ती अबोलीच्या लंगोटांच्या घड्या करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. हे मी मनात टिपून ठेवलं.

मग सासूबाई. त्यांना हा प्रकारच पटलेला नव्हता. आईचं दूध अंगावर प्यायचं असतं, ते बर्फात घालून, गरम पाण्यात धरून, बाटलीत ओतून कसलं पाजता, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांसमोर त्या माझ्या पिशव्यांना 'सुप्रियाचं कोल्ड स्टोरेज' म्हणत. त्यांनी मुद्दाम एखादी पिशवी बाहेर काढून ठेवली असेल, मी नोकरीचा नाद सोडावा म्हणून? वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली, पण वाटायचं काही थांबलं नाही.

"आई, तुम्ही माझं दूध हलवलं होतं का फ्रीझरमधलं?"

"मी? मी त्या पिशव्यांकडे बघतसुद्धा नाही बाई. मला कसंतरी होतं."

दोघी नाही म्हणाल्या. दोन दिवसांनी आणखी तीन पिशव्यांवर त्याच चौकटी उमटल्या. या वेळी एका पिशवीवर काळा तेलकट ठसाही होता, बोटाचा. मी पिशवी नाकाशी नेली. जळकट, उग्र वास. मी इलेक्ट्रिकलची पदवी घेतलीये; हा वास मला झोपेतही ओळखता येईल. मोटर जळली की आतल्या तारेवरचं वार्निश जळतं, त्याचा हा वास.

गवराबाईचा बिरू चाकणच्या बाजाराजवळ मोटरी भरून द्यायच्या दुकानात कामाला आहे. जळकी वाइंडिंग काढायची आणि नवी भरायची, दिवसभर हेच.

मी तिथेच स्टुलावर बसले. आता सगळं जुळत होतं, आणि जुळतंय म्हणूनच जास्त भीती वाटत होती. दुपारी मी बागेत. सासूबाई झोपलेल्या. बिरू येतो, त्याच्या तान्ह्या पोरीसाठी गवराबाई पिशवी वितळवून थोडं थोडं काढून देते, उरलेलं परत ठेवते. कुणाच्या लक्षात येणार? आणि यावर चिडायचं कसं, तेही कळेना. उपाशी पोरीसाठी नेलं तर चोरी म्हणायचं? पण मग माझ्या पोरीला मी वितळून पुन्हा गोठलेलं दूध पाजायचं? त्यात काय वाढलं असेल, देव जाणे. आणि जी एवढं लपवते तिच्या हातात सोमवारपासून दिवसभर अबोलीला द्यायचं?

सलिलला सांगितलं तर तो म्हणाला, "तू घरातसुद्धा इन्स्पेक्शन करतेस. सरळ विचार ना तिला."

"विचारलं. नाही म्हणाली."

"मग नसेल केलं."

"सप्लायर पण नाहीच म्हणतो सलिल."

आमच्या जुन्या फ्रिजला कुलूप आहे. चावी कधी वापरली नव्हती, सुयादोऱ्याच्या डब्यात पडलेली होती. शनिवारी दुपारी मी ती शोधली, खोबरेल लावून फिरवून बघितली आणि फ्रिज बंद करून टाकला. चावी मंगळसूत्रात अडकवली.

"म्हणजे आता कोथिंबिरीसाठी तुझ्याकडे अर्ज करायचा का?" सासूबाई म्हणाल्या.

"सोमवारपर्यंत आई. फक्त दुधासाठी."

"घरातल्या फ्रिजला कुलूप. सासर-माहेर दोन्हीकडे बघितलं नव्हतं हो कधी."

गवराबाईने फ्रिजकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि अबोलीला तेल लावायला बसली. जाताना म्हणाली, "सोमवारी यू का नगं?"

"या ना. असं का विचारता?"

"इचारलं आपलं."

रविवारी सकाळी मी अबोलीला पाजत होते तर आदिनाथ दारात. अंगावर टीमचा काळा टी-शर्ट, पायात एकच मोजा.

"वहिनी, फ्रिजची चावी दे ना पटकन."

"कशाला?"

"आइसपॅक पाहिजेत. आकुर्डीला स्पर्धा आहे आज, खाली टेम्पो उभाय."

"कुठले आइसपॅक?"

"ते निळे. तुझ्या दुधाच्या बॅगेबरोबर आले होते ते."

कंपनीतून दूध आणायला मी थर्मासची बॅग घेतली होती. तिच्यात जेल भरलेले चार निळे चपटे पॅक आले होते. मी ते फ्रीझरच्या मागच्या बाजूला सारून दिले होते आणि विसरून गेले होते. त्यांच्या पाठीवर चौकटींची नक्षी आहे.

माझ्या हातातली अबोली मी सरळ धरली. "तू नेतोस ते पॅक?"

"प्रॅक्टिस असते तेव्हा. मोटरी तापतात ना रेड्याच्या."

रेडा म्हणजे त्यांचा रोबो. रिंगणात दोन रोबो सोडतात, एकाने दुसऱ्याला ढकलून बाहेर काढायचं. कुस्तीच. वजन ठरलेलं, त्यामुळे मोटरी लहान आणि काम बैलाचं.

"आणि नंतर?"

"नंतर परत ठेवतो की जागच्या जागी," तो जरा अभिमानानेच म्हणाला.

"गरम?"

"मोटरीवरून काढलेले म्हणजे गरमच असणार. गार व्हायलाच तर ठेवायचे."

"कुठे ठेवतोस?"

"त्या पिशव्यांच्या मधोमध. नुसत्या फ्रीझरमध्ये लई वेळ लागतो. गोठलेल्या वस्तूंमध्ये दाबून बसवला की पटकन गार होतो. आम्ही टायमर लावून बघितलंय वहिनी, अर्ध्याहून कमी वेळ." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. "का? काय झालं?"

"त्या पिशव्यांत काय आहे माहीत आहे तुला?"

"तुझं… दूध." आणि तिथे त्याच्या डोक्यात दिवा लागला. मोटरीची उष्णता पॅकमध्ये, पॅकची उष्णता… तो दाराच्या चौकटीला टेकला. "आयला."

सासूबाई मागून आल्या. "मीच देते त्याला काढून कधीकधी. पोरगं घामाघूम होऊन येतं वर. काय झालं एवढं?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत आई."

"तू दुधाचं विचारलंस. दुधाला कुठे हात लावला कुणी?"

खरंच होतं ते. पण मला ते पटायला नको होतं. एवढे दिवस मी सगळं जुळवत आणलं होतं आणि हा पोरगा एका मोज्यात उभा राहून सगळं मोडत होता. वाटलं, हा सांभाळून घेतोय. गवराबाई त्याला रोज तव्यावरची गरम भाकरी वाढते, 'दादा दादा' करते. कुलूप बघून ती काल याच्याशी बोलली असेल.

"चल," मी म्हणाले. "मी येते तुमच्याबरोबर."

"स्पर्धेला? तू?"

"पॅक पाहिजेत ना? मग मी येणार."

सलिलने गाडी काढली. भोसरीच्या पुलावर म्हणाला, "तुला अजून खरं वाटत नाहीये ना?" मी अबोलीला आणि पॅकची पिशवी मांडीवर धरून बसले होते.

कॉलेजच्या हॉलमध्ये मधोमध लाकडी कठड्याचं रिंगण, आणि भिंतीला लावून प्रत्येक टीमचं एक टेबल. आदिनाथच्या टेबलावर नुकताच सराव करून आलेला रेडा उताणा पडलेला होता. शेजारी त्यांची ड्रायव्हर पूनम, देहूरोडची, केस वर बांधलेले, हातात रिमोट. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, पॅक काढले आणि न बघता सराईतपणे मोटरींवर बसवून पट्ट्या आवळल्या. रोज करणारीचाच हात होता तो. निळ्या पॅकच्या कडेला तेलकट बोटं उमटलेली होती, तिचीच.

"थँक यू वहिनी. तुमच्या फ्रीझरमुळे आम्ही इथवर आलो," ती म्हणाली. आदिनाथ तिला डोळ्यांनी खुणावत होता, पण तिचं लक्ष नव्हतं.

"दिसतंय," मी म्हणाले. सलिल अबोलीला घेऊन खिडकीपाशी गेला.

आणि तरी मी बघत राहिले. सवयच आहे. "ह्या कुठल्या मोटरी?"

"ड्रिल मशीनच्या. जुनी ड्रिल मशीनं फोडून काढल्यात."

"आणि ही टेप?" प्रत्येक मोटरीच्या दोन्ही टोकांना काळी टेप घट्ट गुंडाळलेली होती.

"पॅकला घाम सुटतो ना," पूनम म्हणाली. "पाणी आत जाऊ नये म्हणून भोकं बंद केली. माझी आयडिया."

"ड्रिल मशीन चालवताना बोटांना वारा लागतो, बघितलाय का कधी?"

"लागतो की."

"तो कुठून येतो?"

आदिनाथ म्हणाला, "आत पंखा असतो वहिनी, माहितीये. पण आपण बाहेरून बर्फ लावतोय ना, मग पंख्याचं काय काम?"

"किती तापते?"

पूनमने टेबलावरची तापमान बघायची बंदूक उचलून मोटरीवर रोखली आणि आकडा माझ्यासमोर धरला. "हात लावून बघा ना. गार आहे एकदम."

मी हात लावला. गार होती. पिशव्या दाबून बघायचे तेव्हा रोज सकाळी त्या जशा वरून ठीकठाक लागायच्या, तशीच हीही लागली.

"गार पत्रा आहे," मी म्हणाले. "तापते ती आतली तार. तार फिरते मधे, तिच्याभोवती हवा, मग पत्रा. पत्र्याला तुम्ही बर्फ लावलाय आणि हवेला कोंडून ठेवलंय. तार आत शिजतेय आणि ही बंदूक तुम्हाला सांगतेय सगळं ठीक आहे. मग मोटर तापते म्हणून तुम्ही आणखी पॅक लावता, मग आणखी घाम येतो, मग आणखी टेप."

"असं कसं," पूनम म्हणाली. "पॅक लावल्यापासून आम्ही जिंकायला लागलोय."

"किती मोटरी बदलल्यात तेव्हापासून?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मी नखाने टेपचं टोक उचकटलं आणि ओढलं. भोकं उघडली आणि तो वास आला. जळक्या वार्निशचा, उग्र, माझ्या दुधाच्या पिशवीवरचा. पत्रा बर्फासारखा आणि आतून हा वाफाळ वास. मला वाटतं, त्या क्षणी मी गवराबाईला सोडलं. बिरूचं दुकान, फोन, न बघणारे डोळे, सगळं हातातून सुटत गेलं. मला सुटायला नको होतं, हेही खरं. संशयाच्या जागी दुसरं काही ठेवायला माझ्याकडे नव्हतं.

"आता काय करायचं?" पूनम विचारत होती. "पुढची मॅच जवळ आलीये."

"पॅक काढा. सगळी टेप काढा. हवा मारायला काही आहे?"

शेजारच्या टीमकडे कीस उडवायचा ब्लोअर होता. आदिनाथने तो मागून आणला. रेड्याची चाकं वर ठेवून मोटरी नुसत्याच हळू फिरत ठेवल्या आणि एका बाजूच्या भोकांतून हवा सोडली. दुसऱ्या बाजूने ऊन झळ बाहेर यायला लागली. पूनमने तळहात धरला आणि पटकन मागे घेतला.

"एवढं गरम होतं आत?"

"तापलेले पॅक रोज हातात घेत होतात तुम्ही," मी म्हणाले. तिला काही समजलं नाही, आदिनाथला समजलं. तो ब्लोअरकडे बघत राहिला.

पुढची मॅच रेड्याने काढली. तिच्या पुढची नाही. डावी मोटर आधीच आतून अर्धी जळून गेलेली होती. जोर लावला की रेडा सरळ जायच्या ऐवजी जागेवर गोल फिरायला लागला, आणि समोरच्याने त्याला सावकाश, लग्नात नवरदेवाला बोहल्याकडे नेतात तसं, कठड्यापाशी नेऊन बाहेर ठेवलं. पोरं हसली. पूनमही हसली, जरा उशिरा.

"वहिनी, तुम्ही गेल्या महिन्यात यायला पाहिजे होतं," ती पट्ट्या सोडता सोडता म्हणाली.

"गेल्या महिन्यात तिने फ्रिजला कुलूप कुठे लावलं होतं," आदिनाथ म्हणाला.

घरी येऊन मी डॉक्टरांना फोन केला. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं देऊ नका, त्या म्हणाल्या. कुठल्या पिशव्या वितळल्या ते सांगता येतंय का? येत नव्हतं. चौकटी उमटलेल्या तेवढ्या मला दिसत होत्या. बाकीच्या किती मऊ पडून सपाटच्या सपाट गोठल्या असतील, ते कसं कळणार? लॉटमधले चार तुकडे खराब निघाले आणि बाकीच्यांची खात्री नसली की कंपनीत आम्ही अख्खा लॉट बाजूला काढतो. तिथे हे मी रोज करते.

पिशव्या आदिनाथने कापल्या. कात्रीने एकेक कोपरा, आणि बेसिनमध्ये. सासूबाई मागे उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील, आम्ही सांगत नव्हतो का, वगैरे. त्या म्हणाल्या, "नळ सोड रे जरा, बाळाच्या तोंडचं आहे, नुसतं पडून राहू देऊ नकोस." आणि आत गेल्या.

आदिनाथ रडला का, ते मी बघितलं नाही. मी बघायचं टाळलं एवढं खरं.

सोमवारी सकाळी माझ्याकडे एक बाटली भरेल एवढं ताजं दूध होतं. दुपारपर्यंत पुरलं असतं. रजा वाढवायची तर साहेबांनी आधीच सांगितलं होतं, जागा धरून ठेवता येणार नाही. मी साडी नेसून तयार होऊन बसले होते आणि दाराची कडी उघडी ठेवली होती. ती येईल की नाही, याची मला खात्री नव्हती.

गवराबाई आली. चपला काढल्या, हात धुतले, फ्रिजपाशी गेली आणि थांबली. फ्रिज उघडा होता.

"कुलूप काढलं व्हय?"

मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे आदिनाथचं, पॅकचं, मोटरींचं, दूध ओतून टाकल्याचं. बिरूचं आणि त्याच्या पोरीचं मला काय वाटलं होतं ते नाही सांगितलं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते निळं डबडं व्हय? त्ये तर मी बी दिलंय दादाला काढून. तुमी डबड्याचं कुटं इचारलं? तुमी दुधाचं इचारलं. आन् इचारताना बगत व्हता कुटं, भांड्याकडं."

"हो."

"मला तवाच कळलं व्हतं, काय तरी डोक्यात हाय तुमच्या. मी म्हनलं, इचारतील कवातरी तोंडावर."

अबोलीने तिच्या आवाजाकडे मान वळवली होती आणि हात पसरले होते. माझ्याकडेही असेच पसरते, की जास्त? मी ते बघत होते आणि गवराबाई मला बघत होती.

"आता दुपारी काय पाजायचं तिला?" तिने विचारलं.

"तेच कळत नाहीये."

"तुमास्नी सुट्टी न्हाई मधी?"

"आहे. बाळाला पाजायला कायद्याने आहे. दोनदा, थोडी थोडी. पण घरापर्यंत येऊन जायला पुरत नाही."

"मग तुमी कशाला येता. आमी येतो. कुरुळीपास्नं तुमची कंपनी हाकेवर. मी तिला घिऊन माझ्या घरी ऱ्हाते, दुपारच्याला गेटावर येते."

माझ्या तोंडात प्रश्न भरून आले. रिक्षा कुणाची? घरात कोण कोण आहे? बिरूची बायको बाळंतीण, तिला सर्दी-खोकला तर नाही? गेटावर ऊन किती असतं? सासूबाईंना चालेल का? मी तोंड उघडलं आणि गवराबाई अबोलीला घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी समोर.

"इचारा," ती म्हणाली. "काय इचारायचं ते आत्ता इचारा. बगून इचारा."

मी विचारलं. तिने एकेकाचं उत्तर दिलं. रिक्षा तिच्या भाच्याची, माऊलीची. घरात सून, नात आणि बिरू, तोही सकाळी जाऊन संध्याकाळी येणारा. सर्दी कुणालाच नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "जाऊ दे गं. इथे राहून तरी काय करेल उपाशी?"

कंपनीत त्या सकाळी मी काय तपासलं, ते आठवत नाही. सुट्टीची शिट्टी व्हायच्या आधीच मी गेटाकडे निघाले. रस्त्यावर ट्रेलर, कंपन्यांच्या बस, धुरळा. रिक्षा यायची, थांबायची, त्यातून कुणीतरी भलतंच उतरायचं. मी फोन लावला, उचलला नाही. परत लावला. डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. ज्यांची पोरं लहान आहेत त्यांना माहीत असतं.

"मॅडम," सिक्युरिटीवाला म्हणाला, "त्या केव्हाच्या येऊन बसल्यात आत. बाळ झोपलंय म्हणून फोनचा आवाज बंद ठेवलाय म्हणाल्या."

केबिनमध्ये टेबलफॅनपासून लांब, कोपऱ्यात, गवराबाई खुर्चीवर बसली होती. अबोली तिच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली. मी तिला घेतलं, ती जागी झाली आणि लगेच छातीशी तोंड घासायला लागली. मी बाकावर पाठ फिरवून बसले, पदर घेतला आणि पाजायला लागले. पाजता पाजता माझा हात आपोआप फिरत होता. कपाळाला ताप नाही ना. मानेवर घामोळं नाही ना. कानामागे, हाताच्या कोपरापाशी, गुडघ्याखाली, कुठे ओरखडा, कुठे डाग. तेवढ्यात गवराबाई पाण्याची बाटली घेऊन समोर आली.

मी हात थांबवला.

"बगा, बगा," ती म्हणाली. "थांबू नगा. पायाची बोटं बी मोजा."

अबोलीच्या पायातला मोजा मी काढला. ती समोर उभीच होती, बाटलीचं झाकण पिळत. मी तिच्या देखत मोजली.